जाऊबाईंचं तपकिरी पाणी

आमच्या थोरल्या जाऊबाई माणसाकडे बघत नाहीत, त्याच्या कपड्यावरच्या डागाकडे बघतात. तुम्ही त्यांना काही महत्त्वाचं सांगत असता, त्या मान हलवत असतात, आणि तुमचं बोलणं संपलं की म्हणतात, "बाहीवर शाई पडलीय. काढून दे, उद्या आणते." यात त्यांचा दोष नाही. लग्नाआधीपासून त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहेत. तिथे येणाऱ्या चादरींवर काय काय असतं ते मी इथे लिहीत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. रक्त थंड पाण्यात, औषधांचे डाग आधी साबणात, आणि कशालाच न जुमानणारे डाग ब्लीचमध्ये, अशी त्यांच्या जगाची सरळ विभागणी आहे.

मी धाकटी जाऊ. एकाच इमारतीत त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. जावा जावा उभा दावा असं म्हणतात, पण दावा मांडायला समोरच्याने तोंड उघडावं लागतं. जाऊबाई उघडत नाहीत. मी एकटीच तणतणायचे, त्या शांतपणे घड्या घालत बसायच्या, आणि अर्ध्या तासाने मला माझीच चूक होती की काय असं वाटायला लागायचं. असल्या बाईशी भांडण्यात काही अर्थ नसतो.

त्यांच्या नाकाची मात्र एक गंमत आहे. खाली माझ्याकडे दूध उतू जायच्या बेतात असलं की वरून हाक येते, "धाकटे, गॅस!" इतकं तिखट नाक. पण ब्लीच? त्याचा वास त्यांना येतच नाही. संध्याकाळी कामावरून आल्या की जिन्यात पोहण्याच्या तलावासारखा वास दरवळायचा. मी खिडकी उघडायचे, तर विचारायच्या, "कसला वास?" पहिल्यांदा मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांना चेष्टा करता येत नाही. इतकी वर्षं त्या वासात उभं राहून त्यांच्या नाकाने त्या वासाचा नादच सोडून दिला होता.

अशा बाईच्या पदरी नवरा पडला तो नदीतला कचरा घरी आणणारा.

मोठे दीर बस चालवायचे. त्यांच्या मार्गाचा शेवटचा थांबा शहराबाहेर, नदीवरच्या पुलाशी होता. तिथे बस थोडा वेळ उभी राहायची. कंडक्टर चहाला जायचा आणि दीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुलाखाली उतरायचे. काठावरचं एक मोठं झाड पाण्यात कलंडलेलं होतं, त्याची मुळं पाण्यात, फांद्या पाण्यात, आणि त्या फांद्यांमध्ये मासे. ते बघत बसायचे. सगळी नोकरी त्यांनी हे केलं. घरी आले की पँटच्या खालच्या काठाला तपकिरी पाण्याची रेघ आणि कुजक्या पानांचा वास. जाऊबाई काही न बोलता पँट भिजत घालायच्या. रोज तीच रेघ, रोज तेच भिजवणं. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, नदी एकदाची घरीच का आणत नाही?" मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. त्यांनी ते मनावर घेतलं आणि निवृत्त झाल्यावर खरंच आणली.

पाच फुटी काचेची टाकी आली, तिच्यासाठी लोखंडी स्टँड आला, आणि बाहेरच्या खोलीतलं कपाट आतल्या खोलीत गेलं. मला वाटलं आता रंगीत खडी येईल, प्लॅस्टिकचा किल्ला येईल, बुडबुडे सोडणारा बेडूक येईल. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा. मी विचारलंही. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बसमध्ये चुकीच्या दाराने चढलेय.

"नदीत किल्ला असतो का?" ते म्हणाले. "त्या पुलाखाली जे आहे तेच यात येणार. जे नाही ते येणार नाही."

झालं. मग पुलाखालून पोत्यांतून वाळू आली. ती धुवायचं काम अर्थातच जाऊबाईंचं. बादलीत वाळू, वर पाणी, हाताने घुसळायचं, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा. पाणी नितळ दिसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. भाऊजी म्हणाले, "अगं, पुरे." त्या म्हणाल्या, "अजून मळ आहे." वाळूला एवढी इज्जत कुणी दिली नसेल.

नंतर आलं ते लाकूड. पाण्यात पडून साल गेलेली, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली मुळं आणि वाळक्या फांद्या. एक मूळ तर लहान मुलाएवढं. ते ड्रममध्ये भिजत घातलं, तर तरंगायला लागलं. वर दगड ठेवला. काही दिवसांत ड्रममधलं पाणी कडक चहासारखं झालं. जाऊबाईंनी ते बघितलं आणि त्यांच्यातली लाँड्री जागी झाली. ड्रम रिकामा करून त्यांनी ताजं पाणी भरलं. पुन्हा चहा. पुन्हा रिकामा. भाऊजी बाजारातून आले आणि डोक्याला हात लावून बसले.

"अगं, तो रंगच तर हवाय मला!"

"डाग आहे तो," जाऊबाई म्हणाल्या.

"नदीचा रंग आहे."

"मग नदीत राहू दे की."

त्यांच्या संसारातला हा सगळ्यात लांबलेला संवाद असावा. शेवटी भाऊजी जिंकले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच जाऊबाईंनी एखादा डाग डोळ्यांसमोर राहू दिला.

लाकूड बुडायला लागल्यावर भाऊजींनी ते टाकीत मांडलं. ते मांडणं मी जिन्यात भाजी निवडत बघायचे, कारण दार उघडंच असायचं. मोठं मूळ एका कोपऱ्यात, तळाशी रुतलेलं. मग फांद्या. त्या वरून आत सोडल्यासारख्या, अर्ध्या पाण्याबाहेर, काठावरून झाड कलंडलंय असं वाटावं म्हणून. एकेक फांदी लावायची, मागे सरकायचं, मान वाकडी करून बघायचं, पुन्हा काढायची. मी म्हटलं, "भाऊजी, किती वेळ? दिसतंय की छान."

"ही उलटी आहे."

"फांदीला उलटं-सुलटं काय?"

त्यांनी मला बोलावून दाखवलं. टाकीच्या डाव्या बाजूला पंप होता, तो पाणी उजवीकडे ढकलायचा. "नदीत सगळं वाहत्या अंगाला झुकतं. काड्या, पानं, गवत, सगळं. एक जरी फांदी उलटी असली तरी खोटं वाटतं. आणि मासे? मासे उलटे. त्यांचं तोंड नेहमी येणाऱ्या पाण्याकडे." बोलताना त्यांचा हात कोपरापर्यंत ओला होता आणि चेहरा असा, की निवृत्त माणसाचा तो चेहरा नव्हता.

तळाला वाळकी पानं टाकली. ती आधी तरंगली, मग एकेक करत खाली बसली. दिवा मंद, मागे काळा कागद. आणि पाणी तपकिरी, पण आरपार. त्यात ती मुळं बघितली की खोलीतच खोल काहीतरी आहे असं वाटायचं. मी तोंडावर म्हटलं नाही, पण मला ती टाकी आवडली होती.

मासे मात्र लगेच नाहीत. पाणी आधी मुरलं पाहिजे, भाऊजी म्हणायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "टाकी आहे, मासे कुठेत?" मग मी सांगायचे, "आमच्याकडे पाणी मुरतंय." लोक संशयाने बघायचे. त्या नदीतले मासे दुकानात मिळत नव्हते. भाऊजींनी एका मासेवाल्याला सांगून ठेवलं होतं. बोटाच्या पेराएवढे, अंगावर एक काळी रेघ. त्यांचं खरं नाव मासेवाल्याला ठाऊक, मी त्यांना रेघवाले म्हणते.

रेघवाले यायच्या आधी भाऊजी गेले. सकाळी जिन्यात छातीला हात लावून खाली बसले, आमच्या यांनी रिक्षा आणली, पण हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेच हॉस्पिटल. कुणीतरी तळघरातल्या लाँड्रीत निरोप दिला आणि जाऊबाई रबरी बूट आणि ओला अॅप्रन तसाच घालून वर आल्या. मी दाराशी उभी होते. त्यांनी भाऊजींकडे बघितलं. मग त्यांच्या अंगावरच्या चादरीचं टोक हातात घेतलं, उलटं केलं, बघितलं.

"कालची खेप," त्या म्हणाल्या. "घडी चुकलीय." आणि त्यांनी ती चादर काढून पुन्हा नीट घातली.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी मला खूप भीती वाटली.

त्या रडल्या नाहीत. तेव्हा नाही, नंतरही नाही. लोक भेटायला येत राहिले आणि प्रत्येकाला त्यांच्या रडण्याची घाई. एक लांबच्या आत्या तर ठाणच मांडून बसल्या. "रडून घे गं, मोकळी होशील." जाऊबाई म्हणाल्या, "चहा घेणार का?" आत्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, "मोकळं व्हायचंय असं त्यांनी तुम्हाला सांगितलं का?" त्या चहा न घेताच गेल्या. बरं झालं, साखर संपली होती.

सगळ्यांची नजर टाकीकडे जायची. समोरच खुर्च्या होत्या, दुसरीकडे बघणार कुठे? बिनमाशांचं तपकिरी पाणी, पंपाची घरघर, हलणारी पानं. "हे पाणी कुणी बदलत नाही का?" असं हळूच विचारायचे. जाऊबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

काही दिवसांनी त्या कामावर जायला लागल्या. त्याच वेळेला जायच्या, त्याच वेळेला यायच्या. एकदा आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा मी सरळ विचारलं, "ताई, तुम्हाला काय होतंय?"

"काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर. मला काही वाटतच नाही गं, धाकटे. इस्त्रीवरच्या जुन्या बायकांचे हात बघितलेस? नव्या पोरींना चटका बसला की ओरडतात. जुन्यांना भाजतं, फोड येतो, पण कळत नाही. घरी गेल्यावर दिसतो. तसं झालंय." मग माझ्या मांडीकडे बघून म्हणाल्या, "हळद सांडलीय तुझ्यावर."

मी हळद झटकली.

मासेवाला आला तो या दिवसांत. पाण्याने भरलेली पिशवी, आत काळ्या रेघा. दाराशी येऊन त्याने "साहेब आहेत का?" विचारलं आणि उत्तर ऐकून बिचारा पिशवी धरून तसाच उभा राहिला. "मी परत नेतो वहिनी, काही हरकत नाही," तो म्हणाला. जाऊबाई पिशवीकडे बघत होत्या. सगळे मासे पिशवीच्या एकाच बाजूला तोंड करून होते.

"कसे सांभाळायचे ते सांगा," त्या म्हणाल्या.

त्याने सांगितलं. खाणं थोडंच. दर आठवड्याला थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. "नळाचं पाणी आदल्या दिवशी काढून रात्रभर उघडं ठेवा. त्यात औषध असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. सकाळी वास घेऊन बघा. वास गेला असेल तरच ओता." जाऊबाईंनी मान हलवली. मीही तिथेच होते, मीही मान हलवली. कुणाला काय माहीत!

मासे आले म्हटल्यावर त्यांची लेक आली. माझी पुतणी एकुलती एक, लांब शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि वडील गेल्यापासून आईला आपल्याकडे न्यायचं तिच्या मनाने घेतलं होतं. तिचंही चुकत नव्हतं. आई एकटी, गप्प, आणि समोर डबकं.

"आई, ही टाकी काढून टाक. मला बघवत नाही. घर बंद कर आणि चल माझ्याकडे."

"मासे आलेत," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि मेले म्हणजे?"

जाऊबाईंनी थोडा विचार केला. "जगले तर टाकी राहील आणि मीही इथेच राहीन. मेले तर टाकी विकू. मग तू म्हणशील तिथे येते."

पुतणी कबूल झाली. जिन्यातून उतरताना मला म्हणाली, "काकू, आठवडाभर तरी टिकतील का गं ते?" मला एकदम कळलं होतं, की आपल्याला जाऊबाई वर हव्यात. भांडायला, गॅस बंद करायला, कशालाही. त्या घरात दुसरं कुणी राहायला आलेलं मला चाललं नसतं.

पण मासे टिकले. आधी मुळाखाली लपून बसले, मग फांद्यांमध्ये आले, आणि शेवटी पंपाच्या समोर रांग लावून, तोंड येणाऱ्या पाण्याकडे. भाऊजी म्हणाले होते तसेच. जाऊबाई कामावरून आल्या की खुर्ची ओढून समोर बसायच्या. काही वाटतं का असं मी पुन्हा विचारलं नाही.

मला राग यायला लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. जाऊबाई खाली यायच्या आणि म्हणायच्या, "धाकटे, एक बादली दे." दिली. पुढच्या आठवड्यात, "ते झाकणाचं पातेलं आहे का?" दिलं. मग माझं सगळ्यात मोठं पातेलं, पाहुणे आले की लागणारं. गेलं ते गेलंच. विचारलं की म्हणायच्या, "देते." एवढी भांडी करतात काय, एकटीचा तर स्वयंपाक! वर जाऊन बघावं तर स्वयंपाकघरात काही नाही, आणि मागच्या गॅलरीच्या दाराला कडी. "पसारा आहे," त्या म्हणाल्या. जाऊबाईंच्या घरात पसारा! हे म्हणजे सुताराच्या घरी रंधा नसावा तसं.

पुतणीचा निरोप आला, रविवारी येते, टाकी बघते, काय ते एकदाच ठरवू. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत पाण्याची मुख्य नळी फुटली. दोन दिवस खणलं, नळी बदलली, आणि पाणी आलं ते असं, की पेला तोंडाशी नेला की डोळ्यांत पाणी. औषध दामदुप्पट ओतलं असणार. आम्ही पाणी उकळून प्यायला लागलो. मी जाऊबाईंना सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण नळातलं औषध म्हणजे त्यांच्या लाँड्रीतलंच ब्लीच, आणि सगळी गल्ली नाक मुरडते तो वास त्यांना कळणार नाही, हे तेव्हा डोक्यात येईल का?

रविवारी सकाळी मी वर गेले ती पातेलं मागायला. माझ्याकडेही पाहुणे होते आणि मी तयारीने गेले होते, आज पातेलं घेतल्याशिवाय उतरायचं नाही. दार उघडंच होतं. उंबऱ्यातच त्या वासाने नाकात झिणझिण्या आल्या.

जाऊबाई टाकीसमोर उभ्या होत्या, बाह्या वर केलेल्या. पाणी कधी नव्हे इतकं स्वच्छ, फिकट. लेक येणार म्हणून त्यांनी टाकीतलं अर्धं पाणी बदललं होतं. आणि मासे वर. सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून. एकाचंही तोंड पंपाकडे नव्हतं. काही आडवे झाले होते.

"ताई! हे कसलं पाणी घातलंत?"

"रात्रभर ठेवलेलं. सांगितलं होतं तसं."

मी न्हाणीघरात धावले. ड्रम होता, त्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं, आणि बाजूला ड्रमचं झाकण. घट्ट, आट्यांचं.

"झाकून ठेवलं होतं?"

"उघडं कसं ठेवणार? धूळ पडते." मग सावकाश म्हणाल्या, "वास घेऊन बघितला मी. वास नव्हता."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना कळलं. त्यांनी आपला हात नाकाशी नेला, ओला हात, हुंगला, आणि खाली घेतला.

"येतो का गं वास?"

"गल्लीच्या टोकापर्यंत येतो, ताई."

चेहऱ्यावर तेच, काही नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी मासेवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, ताबडतोब बाहेर काढा, बिनऔषधाच्या पाण्यात सोडा. अहो, पण आणू कुठून? गल्लीत सगळ्या नळांना तेच पाणी! प्यायचं पाणी उकळलेलं, कढत. बाटल्या आणायच्या तर दुकान कोपऱ्यावर, आणि त्या बाटल्यांत पाच फुटी टाकीचं काय होणार! मी एकटीच ओरडत होते, आमच्या यांना हाका मारत होते, नदीवर जाऊन पाणी आणा म्हणत होते. त्या टाकीपायी मी नुसती सैरभैर झाले.

"निदान जुनं पाणी तरी ठेवायचंत!" मी म्हटलं. "फेकलंत ना सगळं?"

जाऊबाई वळल्या आणि आत गेल्या. मागच्या गॅलरीची कडी काढल्याचा आवाज आला.

मी मागोमाग गेले. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या, पाण्याचे जार, डबे, त्यांची भांडी, माझी भांडी. माझी बादली, माझं झाकणाचं पातेलं, आणि भिंतीशी माझं मोठं पातेलं. प्रत्येकाच्या तोंडावर पांढरं कापड, इस्त्री केलेलं, दोऱ्याने बांधलेलं. मी एकाचा दोरा सोडला. आत पाणी होतं. तपकिरी, आरपार.

पहिल्या आठवड्यापासून आजच्या सकाळपर्यंत टाकीतून काढलेला एकेक थेंब तिथे होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी मी म्हटलं असतं.

"उचल," जाऊबाई म्हणाल्या. "बघतेस काय?"

आम्ही उचललं. त्यांनी जाळीने एकेक मासा काढून जुन्या पाण्याच्या बादलीत सोडला. आडवे झालेले तसेच आडवे तरंगत राहिले. मग टाकी रिकामी करायची होती. नळी लावून ते पाणी न्हाणीघरात सोडायचं. नळीचं टोक त्यांनी स्वतः धरलं. पाणी मोरीच्या जाळीतून घळघळ जात राहिलं.

"यातलं निम्मं यांचंच होतं," त्या म्हणाल्या. त्या शेवटपर्यंत जाळीकडे बघत उकिडव्या बसून राहिल्या, आणि पाणी संपल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

याच वेळी पुतणी आली. दारातून तिला दिसली रिकामी टाकी, उघडी पडलेली मुळं, आणि ओल्याचिंब आम्ही दोघी. तिला वाटलं, झालं, मेले. तिचा चेहरा आधी सुटल्यासारखा झाला आणि मग लगेच रडवेला. मी तिला हाताला धरून गॅलरीशी नेलं. तिने ती पांढरी कापडं बघितली.

"आई, हे काय आहे?"

जाऊबाई एक जार उचलत होत्या. उचलता उचलताच म्हणाल्या, "पहिल्यांदा काढलं तेव्हा मोरीत ओतायलाच नेलं होतं. मग वाटलं, हे यांनी भरलंय. ठेवलं. पुढच्या वेळी परत तेच." जार त्यांनी कमरेवर घेतला. "मला वाटत काहीच नव्हतं गं. फक्त फेकवत नव्हतं."

पुतणीने हातातली पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि एक बादली उचलली. तिघी मिळून आम्ही टाकी भरली, हळूहळू, फांद्यांना धक्का न लावता. एक फांदी हललीच. पुतणी ती सरळ करायला गेली तर जाऊबाईंनी तिचा हात धरला आणि फांदी उजवीकडे झुकवून बसवली. "सगळं वाहत्या अंगाला," त्या म्हणाल्या.

काही मासे गेले. बाकीचे तासाभराने सावरले, आणि पंप लावल्यावर एक जण मुळाखालून बाहेर आला आणि येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून थांबला. मग दुसरा. पुतणी जमिनीवरच बसून बघत होती. घर बंद करायचं ती त्या दिवशी बोलली नाही, आणि नंतरही बोलली नाही. जाताना मासेवाल्याचा नंबर मात्र घेऊन गेली, आणि मला बजावून गेली, "काकू, पाणी ओतायच्या आधी वास तू घ्यायचास." तेव्हापासून दर आठवड्याला वरून हाक येते, "धाकटे, नाक आण!" मी जाते.

रडू आलं ते मला. टाकी भरून झाल्यावर, सगळं सुरळीत झाल्यावर, ओट्याशी उभी राहून मी हमसाहमशी रडले. भाऊजी गेले तेव्हाही एवढी रडले नव्हते. जाऊबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. घडी घातलेलं एक पांढरं कापड पुढे केलं.

"नाक पूस. लागतं ते आपल्याला."

मग त्या गॅलरीत गेल्या आणि दारातून म्हणाल्या, "टाकी भरली. एक पातेलं उरलंय, तुझं मोठं. तुला हवं होतं ना? रिकामं करून देते."

असं म्हणून त्या पातेल्यापाशी वाकल्या, दोन्ही कड्या धरल्या, आणि तशाच राहिल्या.

"असू दे, ताई," मी म्हटलं. "माझ्याकडे दुसरं आहे."

माझ्याकडे दुसरं नाही. पाहुण्यांचं त्या दिवशी मी दोन खेपांत उरकलं, अजूनही तसंच उरकते.